जाळ्यावरील थट्टा आणि कामाचीं बोलणीं

गेल्या कांहीं वर्षांत आपल्यापैकीं बहुतेक बागाईतदारांच्या हातीं मोबाईल आला व त्याबरोबर व्हॉट्सॲपचे ग्रुपहि आले. द्राक्षांचा ग्रुप निराळा, डाळिंबाचा निराळा, उंसाचा निराळा. त्यांत कोणी करप्याचें चित्र पाठवून औषध विचारतो; त्यास दोघे नीट उत्तर देतात, तिसरा त्याच्या बागेची थट्टा करतो, चौथा हंसऱ्या तोंडाचें चित्र टाकतो आणि पांचवा रागावून ग्रुप सोडून जातो. वडीलधाऱ्या खातेदारांची तक्रार अशी कीं, कामाच्या जागीं हा पोरकटपणा कशाला? तरुण म्हणतात कीं, थट्टा नसेल तर ग्रुपावर येणार कोण? हा वाद आपल्या गांवांत नवा वाटला, तरी जेथें ह्या जाळ्याचा उगम झाला तेथें तो चाळीस वर्षांपूर्वींच होऊन गेला आहे, व तेथील लोकांनीं त्यावर कांहीं तोडगाहि काढला. ती हकीकत आपल्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. जाळ्यावर फुकट उत्तर देणारीं माणसें थट्टेमुळेंच टिकून राहतात. तेव्हां ती बंद करूं म्हणणें म्हणजे पारावरची मंडळी उठवून लावून मग गांवांत बातमी कळत नाहीं म्हणून कुरकुरणें होय. परंतु पारावरची थट्टा वाऱ्यावर जाते. जाळ्यावरची लेखी असते, आणि लेखी गोष्टीला सूर नसतो व आयुष्य मात्र फार असतें. सारी अडचण तेथून निघते.

प्रथम हीं मंडळें निघालीं कशीं तें पाहूं. १९७९ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं एक युक्ति योजिली. आपल्या विद्यापीठाच्या संगणकानें दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकास टेलिफोन करावा, आपल्याकडील नवीं पत्रें त्यास द्यावीं, त्याच्याकडील घ्यावीं, व त्यानें तींच पुढच्यास द्यावीं. टेलिफोनचा दर रात्रीं कमी, म्हणून हा व्यवहार बहुधा रात्रीं चाले. १९८० सालीं ही योजना सुरू झाली व तिला यूजनेट असें नांव पडलें. पत्र कोणा एकास नसून सर्वांस उद्देशून असे. तीं विषयवार लावलेलीं असत. संगणकाच्या अमुक भाषेचें एक सदर, मोटारींचें एक, स्वयंपाकाचें एक, आणि विनोदाचेंहि एक.

विनोदास स्वतंत्र सदर असतांहि तो कामाच्या सदरांत शिरल्यावांचून राहत नसे. ह्याचें कारण उघड आहे. उत्तर देणारास पगार नव्हता. दुसऱ्याच्या बिघडलेल्या यंत्राची नाडी तपासण्यास जो मध्यरात्रीं बसतो, त्यास मिळावयाचें काय? चार जाणत्या माणसांची वाहवा, आणि एखादा विनोद बरा साधल्याचें समाधान. आपल्याकडे इर्जिकीला आलेले गडी पुरणपोळीसाठीं जितके येतात तितकेच गप्पांसाठींहि येतात, हें ज्यानें इर्जिक घातली आहे त्यास सांगणें नको.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. पेनसिल्व्हेनिया संस्थानांत पिट्सबर्ग शहरीं कार्नेगी मेलन नांवाचें विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राच्या विभागांत सर्वांस वाचतां व लिहितां येईल असा एक लेखी फलक संगणकावरच चालत असे. खोली कोठें मिळेल, हरवलेली वस्तु कोणाची, व्याख्यान केव्हां, असल्या सूचना त्यावर येत. आणि वादहि होत. १९८२ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यावर एक कोडें आलें. लिफ्टच्या भिंतीला मेणबत्ती लावलेली आहे व जळत आहे. खालीं जमिनीवर पाऱ्याचा एक थेंब आहे. वरचा दोर तुटून लिफ्ट खालीं पडूं लागली, तर मेणबत्तीचें व पाऱ्याचें काय होईल?

कोडें पोरकट दिसलें तरी पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें सकस आहे. मेणबत्तीची ज्योत उभी व निमुळती असते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व खालून ताजी हवा तिची जागा घेते. लिफ्ट मोकळी पडत असतां तिच्या आंत जड आणि हलकें हा भेद उरत नाहीं. म्हणून तापलेली हवा वर जाण्याचें सोडून वातीभोंवतींच कोंडते, ज्योत गोल व मंद होते, आणि ताजी हवा पुरेशी न मिळाल्यास विझतेहि. पाऱ्याचा थेंब स्वतःच्या वजनानें चपटा झालेला असतो. तें वजन जाणवेनासें झालें म्हणजे तो गोटीसारखा गोल होतो. ह्यावर त्या फलकावर मोठी रंगतदार चर्चा झाली. मग एका गृहस्थास लहर आली व त्यानें धोक्याची सूचना असा मथळा देऊन लिहिलें कीं, नुकत्याच झालेल्या एका प्रयोगामुळें डावीकडील लिफ्टमध्यें पारा सांडला असून आगीनें थोडें नुकसानहि झालें आहे, सफाई शुक्रवारीं सकाळीं आठ वाजेपर्यंत पुरी होईल.

ज्यांनीं आधींची चर्चा वाचली होती ते पोट धरून हंसले. ज्यांनीं वाचली नव्हती त्यांतील कांहींनीं ही सूचना खरी मानली. खुलासा झाला तरी भीति राहिली. कारण पारा विषारी आहे आणि सूचना अगदीं कचेरीच्या भाषेंत होती. तेव्हां प्रश्न निघाला कीं, थट्टेचा मजकूर ओळखावा कसा? कोणी म्हणालें, मथळ्यांत चांदणीची खूण करावी. दुसऱ्यानें शेंकडेवारीची खूण सुचविली. एकानें महिरपी कंसांत जाळीचें चिन्ह घालून उघड्या ओठांतील दांत दाखविले. ज्या लोकांस गणिती यंत्रें बनविण्यापासून क्षणाची फुरसत नाहीं असा आपला समज, त्यांनीं ह्या विषयावर दिवसच्या दिवस काथ्याकूट केला.

शेवटीं १९ सप्टेंबर १९८२ रोजीं, दुपारीं बाराला सोळा मिनिटें कमी असतां, स्कॉट फालमन नांवाच्या तेथील संशोधकानें एक सूचना लिहिली. विसर्गासारखे दोन टिंब, पुढें एक आडवी रेघ व तिच्यापुढें बंद होणारा कंस, अशी खूण थट्टेच्या मजकुरास जोडावी. मान डावीकडे कलवून पाहिलें असतां तींत दोन डोळे, नाक व हंसरें तोंड दिसतें. ती खूण अशी :-) होय. पुढें त्यानें असें जोडलें कीं, सध्यांचा ओघ पाहतां जो मजकूर थट्टेचा नाहीं त्यालाच खूण करणें काटकसरीचें होईल. त्यासाठीं कंस उलटा फिरवावा. म्हणजे त्या फलकावर किती माणसें कामाचें लिहीत असत ह्याचा त्यानें जातां जातां हिशेबच दिला. उलट्या कंसाचा अर्थ ‘ही थट्टा नव्हे’ असा फार दिवस राहिला नाहीं. लोकांस त्यांत पडलेलें तोंड दिसलें, व दुःखाची खूण म्हणून ती चालूं झाली.

कांहीं महिन्यांत ही चिन्हें इतर विद्यापीठांतून व कारखान्यांतून पसरलीं. मूळ पत्र मात्र कोणीं जपून ठेविलें नव्हतें. वीस वर्षांनीं, २००२ सालीं, कांहीं मंडळींनीं जुन्या संगणकाच्या नकलेच्या फिती शोधून, त्या वाचूं शकणारें यंत्र मिळवून, तें पत्र पुन्हां उजेडांत आणलें. जुन्या दप्तराची फडकीं सोडून एखादा फेरफार शोधून काढणाऱ्या माझ्यासारख्याला ह्या उद्योगाचें कौतुक वाटावें ह्यांत नवल नाहीं. हल्लीं आपण मोबाईलवर जीं पिंवळीं तोंडें पाठवितों, त्यांचा घाट १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानांतील मोबाईल कंपन्यांनीं घातला व २०१० सालीं तीं जगांतील सर्व लिपींच्या सामाईक यादींत, म्हणजे युनिकोडांत, दाखल झालीं; परंतु अडचण एकच, आणि उपायहि त्याच जातीचा.

अशा लोकांच्या हातून थट्टेथट्टेंतच कामाच्या गोष्टीहि होऊन गेल्या आहेत. त्याच कार्नेगी मेलनच्या विभागांत शीतपेयांच्या बाटल्यांचें एक यंत्र होतें. लांबच्या खोलींतून जिने उतरून जावें तों यंत्र रिकामें, किंवा बाटल्या नुकत्याच भरलेल्या म्हणून कोमट. तेव्हां ह्या विद्वानांनीं तें यंत्रच संगणकास जोडलें, व कोणत्या रांगेंत बाटली आहे आणि ती पुरेशी थंड झाली कीं नाहीं हें जागेवर बसून विचारण्याची सोय केली. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत १९९१ सालीं असाच प्रकार झाला. कॉफीचें भांडें एका खोलींत, पिणारे इमारतभर. त्यांनीं भांड्यासमोर कॅमेरा बसवून त्याचें लहानसें करडें चित्र मिनिटास दोनतीनदां आपापल्या संगणकावर येईल असें केलें. १९९३ च्या नोव्हेंबरांत हें चित्र सर्व जगास खुलें झालें, आणि अर्धें भरलेलें भांडें पाहण्यास देशोदेशींचे लोक येऊं लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजीं तो कॅमेरा बंद करण्यांत आला व तें भांडें लिलावांत ३,३५० पौंडांस जर्मनींतील डेर श्पीगेल ह्या नियतकालिकाच्या जाळ्यावरील शाखेनें घेतलें. आज घरच्या ओट्यावर बसून विहिरीवरचा पंप मोबाईलनें चालू करणारा आपला बागाईतदार ह्याच तत्त्वाचा उपयोग करीत असतो. दूरच्या वस्तूला तिची हालहवाल विचारतां आली पाहिजे, एवढीच मागणी. पंप त्या कॉफीच्या भांड्याचा वंशज आहे असें मी म्हणत नाहीं. पण प्रश्न प्रथम चहा-कॉफीच्या आळसांतून सुटले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ह्याहून गमतीचा प्रकार नियमांच्या मसुद्यांचा. इंटरनेट कोणत्या नियमांनीं चालावें ह्याचे मसुदे १९६९ पासून क्रमांक घालून प्रसिद्ध होत आले आहेत. त्यांची भाषा आमच्या सरकारी परिपत्रकांइतकीच कोरडी असते. त्या मालिकेंत १ एप्रिल १९९० रोजीं ११४९ क्रमांकाचा मसुदा निघाला. त्यांत संदेश पारव्यांच्या पायांस बांधून कसे पाठवावे ह्याचे नियम यथासांग दिलेले होते. कागदाची गुंडाळी कशी करावी हेंहि त्यांत होतें. एप्रिलची पहिली तारीख पाहून लोक हंसले व विसरले. पण नॉर्वे देशांत बर्गेन येथील लिनक्सप्रेमी मंडळीस राहवेना. त्यांनीं २००१ च्या एप्रिलांत खरोखरच पारवे जमविले व सुमारें पांच किलोमीटर अंतरावर संदेश पाठविले. नऊ पाठविले, त्यांपैकीं चारांचीं उत्तरें आलीं. एकेका उत्तरास सुमारें त्रेपन्न मिनिटांपासून पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला. ह्यांत शहाणपण काय म्हणाल, तर हें कीं, इंटरनेटचे नियम वाहकावर मुळींच अवलंबून नाहींत. तार असो, रेडिओ असो कीं पारवा असो, पाकीट व त्यावरचा पत्ता नियमाप्रमाणें असला म्हणजे झालें. दहा व्याख्यानांनीं जें डोक्यांत शिरलें नसतें तें त्या नऊ पारव्यांनीं शिरविलें.

पुढें १ एप्रिल १९९८ रोजीं लॅरी मॅसिंटर ह्यांनीं कॉफीचें भांडें जाळ्यावरून चालविण्याचे नियम लिहिले. त्यांत कोणी चहाच्या किटलीस कॉफी करावयास सांगितलें, तर तिनें ४१८ क्रमांकाचा शेरा मारून ‘मी किटली आहे’ असें कळवावें अशी तरतूद होती. जाळ्यावर एखादें पान न सांपडल्यास ४०४ हा आंकडा दिसतो तो पुष्कळांनीं पाहिला असेल. हा त्याचाच भाऊबंद. २०१७ सालीं हा थट्टेचा आंकडा कांहीं ठिकाणांहून काढून टाकण्याची सूचना निघाली तेव्हां केवढा ओरडा झाला! अखेर २०२२ सालच्या खऱ्याखुऱ्या नियमांतहि ४१८ हा क्रमांक दुसऱ्या कामास वापरूं नये म्हणून राखून ठेविलेला आहे. गांवठाणांत खेळाच्या मैदानासाठीं एखादा तुकडा राखावा तसें हें झालें.

लिनक्सची गोष्ट सर्वश्रुत असल्यामुळें थोडक्यांत उरकतों. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें यूजनेटच्या एका सदरांत लिहिलें कीं, आपण संगणक चालविणारी एक प्रणालि करीत आहों, केवळ छंद म्हणून, फार मोठें कांहीं होणार नाहीं. कोणास काय हवें नको तें सांगावें. पुढच्या जानेवारींत ॲमस्टरडॅमचे अँड्रयू टॅननबाउम ह्या नामवंत प्राध्यापकांनीं त्याच सदरांत ही रचना कालबाह्य आहे असें जाहीर केलें. पोरानें तडकून उत्तर दिलें, मग आपल्या सुराबद्दल माफीहि मागितली. प्राध्यापकांनीं, तूं माझा विद्यार्थी नाहींस हें तुझें नशीब, नाहीं तर ह्या रचनेला मीं फारसे गुण दिले नसते, अशी कोपरखळी मारली. टोमणे व तांत्रिक मुद्दे त्या वादांत असे कांहीं गुंतलेले आहेत कीं, एक सोडून दुसरें वाचतां येत नाहीं. आपल्या खिशांतील अँड्रॉइड जातीच्या मोबाईलच्या बुडाशीं आज तीच प्रणालि आहे.

आतां दुसरी बाजू. लिहिणारास वाटतें, माझी थट्टा उघड आहे. वाचणारास ती तशी दिसत नाहीं. अमेरिकेंतील जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली वगैरे संशोधकांनीं ह्याची पारख करून २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपरोधाचीं व सरळ अशीं वाक्यें कांहींनीं पत्रानें पाठविलीं, कांहींनीं तोंडीं ऐकविलीं. शंभरांपैकीं ७८ वाक्यांचा रोख समोरच्यास कळेल असा दोन्ही प्रकारच्या लोकांचा अंदाज होता. तोंडीं बोललेल्यांचा तो जवळजवळ खरा ठरला. सुमारें ७५ कळलीं. लिहिलेल्यांपैकीं मात्र ५६ च कळलीं. नाणें उडवून सांगितलें असतें तरी पन्नासांच्या आसपास बरोबर आलीं असतीं. लिहितांना आपल्या कानांत आपलाच आवाज घुमत असतो आणि तो कागदावर उतरला असा भ्रम होतो, असें त्यांचें म्हणणें.

मला ह्याचें फारसें आश्चर्य वाटलें नाहीं. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. कागदास सूर नसतो हें तेथें रोज दिसे. एका कचेरींत, नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, दोघां भावांच्या तंट्यांत पडीत राहिलेल्या जमिनीपुढें कोणा विनोदी माणसानें पिकाच्या रकान्यांत पेन्सिलीनें ‘भांडण, बारमाही’ असें लिहून ठेविलें. पुढच्या वर्षीं नवा उमेदवार नक्कल करावयास बसला. त्यानें इमानेंइतबारें तें शाईनें उतरविलें. तपासणींत शेरा आला कीं, सदर पिकाखालील क्षेत्र नमूद नाहीं, खुलासा व्हावा. त्या खुलाशाचें उत्तर, त्या उत्तरावर पुन्हां विचारणा, असें होत होत चांगलें जाड प्रकरण तयार झालें. ज्यानें मूळ विनोद केला तो तोंवर बदलून गेला होता.

जाळ्यावर हेंच घडतें, पण वेग व पल्ला फार मोठा. १ एप्रिल १९८४ रोजीं यूजनेटवर रशियाचे तत्कालीन पुढारी चेर्नेन्को ह्यांच्या नांवानें पत्र आलें कीं, सोव्हिएत संघहि ह्या मंडळांत सामील होत आहे. पत्र ‘क्रेमव्हॅक्स’ नांवाच्या यंत्रावरून आल्यासारखें दिसत होतें. तें ॲमस्टरडॅमच्या पीट बेर्टेमा ह्यांनीं रचलेलें होतें व कित्येक लोक फसले. ही थट्टा निरुपद्रवी. खुद्द मॉस्कोंतील मंडळी पुढें जाळ्यावर आली तेव्हां त्यांनीं आपल्या एका यंत्रास हौसेनें तेंच नांव दिलें, आणि १९९१ च्या ऑगस्टांत तेथें बंडाळी झाली असतां रेलकॉम नांवाच्या त्यांच्या जाळ्यावरून बातम्या बाहेरच्या जगांत जात होत्या.

परंतु सर्वच थट्टा अशा नसतात. संगणकाच्या मंडळांत नवख्यानें कांहीं अडचण विचारली असतां एखादा टवाळ त्यास असा हुकूम टंकावयास सांगे कीं, ज्याचा अर्थ यंत्रावरील सारें दप्तर मुळापासून पुसून टाक. जाणते हंसत, नवखा मुकाट्यानें टंकी, आणि त्याचें वर्षाचें काम नाहींसें होई. पुढें तें साधन करणाऱ्यांनींच असा हुकूम सहजासहजीं पाळला जाऊं नये अशी अडसर घातली. सुऱ्याला म्यान करण्याची पाळी थट्टेनें आणली.

ताजें उदाहरण तर विलक्षणच आहे. पिझ्झा म्हणून जी विलायती भाकरी शहरांत मिळते, तिच्यावरचें चीज घसरतें ह्या तक्रारीवर रेडिट नांवाच्या चर्चामंडळांत कोणीं थट्टेनें लिहिलें होतें कीं, रश्शांत थोडा चिकटविण्याचा गोंद मिसळावा. वाचणारांनीं ओळखलें, हंसले, झालें. अकरा वर्षांनीं, २०२४ च्या मे महिन्यांत, गूगलच्या यंत्रानें माणसांच्या प्रश्नांस आपण होऊन उत्तरें देण्यास आरंभ केला, व ह्याच प्रश्नास गोंद घालण्याचा सल्ला गंभीरपणें दिला! यंत्रानें जुनी थट्टा इमानानें शाईनें उतरविली होती. आमचा उमेदवार व हें यंत्र ह्यांत मला तरी फरक दिसत नाहीं. इतकाच कीं, त्या उमेदवारानें पुढें खुलाशाचीं उत्तरें लिहिलीं.

शेतीच्या ग्रुपांत ही गोष्ट कोठें झोंबते तें आतां सांगतों. २००५ सालीं नेथन पो नांवाच्या गृहस्थानें एका चर्चेंत असें म्हटलें होतें कीं, डोळा मिचकावण्याची खूण नसेल तर आडमुठ्या मताची कितीहि अतिशयोक्त नक्कल करा, कोणी ना कोणी ती खरी समजणारच. त्याचा विषय धर्मवादाचा होता. पण फवारणीला तो तंतोतंत लागू आहे. पिकावर देशी दारू फवारा असें कोणीं ग्रुपावर लिहिलें तर ती थट्टा कीं सल्ला? सांगतां येणार नाहीं; कारण खरोखर दारू फवारणारे शेतकरी आहेत व तशा बातम्या वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत. जेथें खरेंच इतकें चमत्कारिक असतें तेथें खोटें वेगळें ओळखावें कशावरून? शिवाय फवारणी हा जिवाशीं खेळ आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसच्या आसपास माणसें दगावलीं. त्याचें कारण थट्टा नव्हती, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु ज्या वस्तूनें असें होऊं शकतें, तिच्या प्रमाणाविषयीं लेखी विनोद करण्यास जागा किती ठेवावी ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

जुन्या जाळेकरांच्या कांहीं चालीरीति येथें घेण्यासारख्या आहेत. नवख्यानें प्रथम कांहीं दिवस नुसतें वाचावें, तेथील बोलण्याची तऱ्हा पाहावी, मग लिहावें, अशी त्यांची रीत होती. दर सप्टेंबरांत विद्यापीठांत नवीं मुलें येत व महिनाभर गोंधळ घालीत, मग शिकत. १९९३ च्या सुमारास घरोघरचे लोक एकदम लोटूं लागले आणि शिकविण्यास कोणी पुरेना. जुने लोक म्हणत, तो सप्टेंबर संपलाच नाहीं. आपले ग्रुप तर त्या सप्टेंबरांतच जन्मले.

दुसरी रीत प्रश्न पुरा विचारण्याची. ‘पानें पिंवळीं पडलीं, उपाय सांगा’ एवढ्यावर थट्टाच मिळावयाची, आणि ती रास्त आहे. गट नंबर न घालतां केलेला अर्ज व जात, वय, पाणी, मागील फवारणी न सांगतां केलेला प्रश्न, हे दोन्ही एकाच टोपलींत जातात. प्रश्न पुरा असला म्हणजे उत्तर देणाराहि सावरून बसतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्या भागांतील एका द्राक्षांच्या ग्रुपानें असा ठराव केला आहे कीं, औषधाचें नांव डब्यावर असेल तसें पुरें लिहावें. प्रमाण आंकड्यांत व अक्षरांत दोन्ही द्यावें. तें लिटरास कीं पंपास कीं एकरास हें सांगावें. आणि अशा मजकुरास कोणतेंहि तोंड, हंसरें वा रडकें, जोडूं नये. आंकडा व अक्षर दोन्ही लिहिण्याची सूचना माझी. पावतीवर रक्कम लिहिण्याची ती जुनीच पद्धत आहे. थट्टेसाठीं त्यांनीं दुसरा ग्रुप काढून दिला व त्याचें नांव ‘पार’ ठेविलें. गेल्या पंधरवड्यांत त्या पारावर एकानें आपल्या ठिबकाच्या नळ्या उंदरांनीं कुरतडल्याचें मोठें विनोदी वर्णन लिहिलें. दुसऱ्यानें उंदरांची बाजू घेतली, तिसऱ्यानें उंदरांस ग्रुपांत घ्या म्हटलें. चौथ्यानें मात्र विचारलें कीं, नळ्या गवतांत झांकलेल्या आहेत कीं उघड्या? तेथून तणाची व पाण्याची गोष्ट निघाली, ती रात्रीं साडेदहापर्यंत चालली, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती सारी उतरवून कामाच्या ग्रुपावर लावण्याचें काम मजकडे आलें. उंदरांचें वकीलपत्र मीं तेवढें वगळलें.